पॉलिहाऊसमधले पांढरे सदरे

रतनबाईंनी एवढंच विचारलं होतं, की पोरी, तुला कपड्यांचे फोटो काढता येतात का? आणि मनवाच्या तोंडून "हो काकू, पुष्कळ काढलेत" असं निघून गेलं. निघून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. कारण तिने आजवर पुष्कळ फोटो काढले होते हे खरं, पण ते सगळे पिकांवरच्या किडी-रोगांचे. राहुरीच्या कृषी विद्यापीठातल्या एका प्रकल्पात ती दोन वर्षं कंत्राटावर होती. डाळिंबावरचा तेल्या, उसावरचा लोकरी मावा, कांद्याच्या पातीवरचा करपा, असं काय काय तिने इतक्या जवळून टिपलं होतं की प्रकल्पाची पुस्तिका चाळताना शेतकऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. प्रकल्प संपला आणि कॅमेरा कपाटात गेला. वडील राधाकृष्ण जोशी सर, हायस्कूलचे गणिताचे निवृत्त शिक्षक. ते रोज सकाळी पेपरातली बँकेच्या परीक्षेची जाहिरात कापून तिच्या चहाच्या कपाखाली ठेवत. अशा दिवसांत कोणी विमानाचे फोटो काढशील का विचारलं असतं, तरी ती हो म्हणाली असती.

रतनबाईंची वस्ती वांबोरीकडच्या रस्त्याला, शेतातच. घराशेजारी पत्र्याची लांबलचक शेड, तिच्यात आठ शिलाई मशिनी आणि आठ बाया. तिथे फक्त पांढरं शिवलं जाई. सदरे, नेहरू शर्ट, पायजमे, गुडघ्यापर्यंतचे झब्बे. निवडणूक असो नसो, नगर जिल्ह्यात पांढऱ्या कपड्याला मरण नाही, हे रतनबाईंनी फार आधी ओळखलं होतं. आता पुण्याच्या एका मोठ्या दुकानदाराने त्यांचा माल ऑनलाइन विकायला घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच. चौतीस कपड्यांचे चौतीस चांगले फोटो मंगळवारी दुपारपर्यंत पाहिजेत. कॉलर दिसली पाहिजे, शिलाई दिसली पाहिजे, आणि पांढरं ते पांढरंच दिसलं पाहिजे.

सोमवारी सकाळी मनवा स्कूटीच्या पायाशी दोन एलईडी दिवे आणि पाठीवर कॅमेरा घेऊन हजर झाली. शेडच्या मध्यभागी एक बिनमुंडक्याचा पुतळा उभा केला, त्याला पहिला नेहरू शर्ट घातला, दोन्हीकडून दिवे लावले आणि फोटो काढला. बाया मशिनी थांबवून बघायला जमल्या. फोटोतला शर्ट जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळट दिसत होता. मनवाने उजेड वाढवला. या खेपेला शर्टच नाहीसा झाला. मागच्या चादरीत तो असा काही विरघळला, की पाच बटणं तेवढी हवेत एका रांगेत तरंगत राहिली.

रतनबाईंनी चष्मा वर सारून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, की सदरा कुठं गेला?

मग मनवाने उजेड कमी केला. सदरा परत आला, पण मळून आला. बायांत सगळ्यांत वयस्कर आणि सगळ्यांत तोंडाळ म्हणजे आक्काबाई. तिने निरखून पाहून सांगितलं, की असा सदरा आपल्या घरी आहे, म्हशी धुताना मालक तोच घालतात. बाया हसल्या. मनवाही कसंनुसं हसली. पुतळा दारात नेला, तर फोटोत उन्हाने सदऱ्याची एक बाजू जळाली आणि दुसरी काळी पडली. आत आणला, तर भिंतींचा आकाशी रंग सदऱ्यावर उतरला. खाली वाकून, स्टुलावर चढून, दिव्यांसमोर पायजम्याचं कापड धरून तिने चार वाजेपर्यंत दोनशे फोटो काढले. दोनशेत एकही दाखवण्याजोगा नव्हता.

पानावरचा डाग टिपणं सोपं असतं, कारण तिथे डाग असतो. इथे सगळं कोरं. पांढऱ्यावर पांढरी शिलाई, मागे पांढरी चादर. नजर ठरायची कुठे?

बाया चहाला उठल्या. मनवा कापडाच्या तागांवर बसली. रतनबाई शेजारी येऊन बसल्या, तेव्हा तिच्याने राहवलं नाही.

"काकू, मी तुमच्याशी खोटं बोलले. मी आजवर एकाही कपड्याचा फोटो काढलेला नाही. फक्त किडींचे आणि रोगांचे काढलेत."

रतनबाई काही वेळ कात्रीची मूठ पुसत राहिल्या. त्या रागावतील, उद्यापासून येऊ नको म्हणतील, याची मनवाने मनाशी तयारी केली.

"म्या तरी आदी कुठं शिवले हुते?" रतनबाई म्हणाल्या. "कारखान्याच्या एका चेअरमनला सांगितलं, सदरं चांगलं शिवते म्हनून. हातात सुई धरलेली ती गोधडीपुरती. मग रातच्याला आमच्या ह्यांचा लग्नातला सदरा घेतला आन् एकेक शिवन उसवून बघितली. कुठं काय जोडलंय, ते. सकाळी ह्यांना सदरा न्हाई, पर मला सदरा आला."

"काका काय म्हणाले?"

"अजून म्हनत्यात. जा, बोलाव त्यांना चहाला. पलीकडं पॉलिहाऊसमंदी असतील. आन् आत जाताना पाय धुऊन जा, न्हाईतर आरडतील."

रंगनाथकाकांचं पॉलिहाऊस म्हणजे वीस गुंठ्यांचं प्लॅस्टिकचं देऊळ, आणि ते त्यातले पुजारी. आत ढोबळी मिरची. बाहेरची कीड आत येऊ नये म्हणून दारातच जांभळ्या औषधाच्या पाण्याचं उथळ टाकं. त्यात पाय बुडवल्याशिवाय कलेक्टरलाही आत सोडणार नाही, असं ते म्हणत. मनवाने पाय बुडवले, जाळीचं दार लोटलं आणि हाक मारायला तोंड उघडलं. तोंड उघडंच राहिलं.

पलीकडच्या अर्ध्या भागात पीक निघून गेलं होतं. नव्या रोपांसाठी गादीवाफे करून ठेवलेले. त्या मोकळ्या जागेत रंगनाथकाका जुना पांढरा सदरा घालून उभे होते आणि त्यांचा सदरा दिसत होता. म्हणजे नुसता दिसत नव्हता, तर त्याची दर चुणी, दर टाका, खिशाचा उसवलेला कोपरा, कॉलरीची झिजलेली कड, सगळं दिसत होतं. आणि तरी सदरा पांढराशुभ्र होता. वर पसरलेल्या दुधी प्लॅस्टिकने चारच्या उन्हाला गाळून गाळून असं मऊ केलं होतं, की उजेड कुठून येतो तेच कळू नये. काकांच्या डाव्या हाताला मल्चिंग पेपरची गुंडाळी उभी होती, वाफ्यांवर अंथरतात ती. तिची काळी बाजू काकांकडे होती, आणि त्या बाजूने सदऱ्याला पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक, काळसर कड आली होती.

"काका, हलू नका," मनवा म्हणाली.

रंगनाथकाकांना वाटलं, साप. ते जागच्या जागी थिजले. मनवाने खिशातून मोबाईल काढून फोटो घेतला. मग धावत जाऊन ती गुंडाळी उलटी फिरवली. मल्चिंग पेपर एका बाजूने काळा आणि दुसरीकडून चांदीसारखा. चंदेरी बाजू काकांकडे येताच बगलेतली सावली उजळली आणि खिशाच्या आतली शिवणसुद्धा मोजता येईल अशी दिसू लागली. मनवाने पुन्हा काळी बाजू केली, पुन्हा चंदेरी केली. काळी, चंदेरी, काळी. तिला हसू फुटलं आणि ते आवरेना. ज्यासाठी शहरातले फोटोवाले छत्र्या आणि पडदे विकत घेतात, ते इथे एका मिरचीवाल्याने वीस गुंठ्यांत मांडून ठेवलं होतं. तिने काकांना अक्षरशः हाताला धरून गोल फिरवलं. काका साप शोधत फिरले.

ती शेडकडे पळत सुटली. चहाचं सांगायचं राहूनच गेलं.

रंगनाथकाकांना राजी करायला रतनबाईंना रात्रीचं जेवण उरकेपर्यंत वेळ लागला म्हणे. शेवटी ते तीन अटींवर कबूल झाले. एक, मिरचीच्या झाडांच्या भागात कोणी पाऊल टाकायचं नाही. दोन, अकराच्या आत सगळं आटपायचं, कारण नंतर आत भट्टी होते. तीन, आत येणाऱ्या प्रत्येकाचे पाय औषधात बुडाले पाहिजेत, आणि प्रत्येकाचे म्हणजे पुतळ्यांचेही.

मंगळवारी सकाळी साडेसातला मिरवणूक निघाली. पुढे रंगनाथकाका मल्चिंग पेपरची गुंडाळी खांद्यावर घेऊन, मागे रतनबाई इस्त्री केलेल्या कपड्यांची चवड छातीशी धरून, त्यांच्या मागे आठ बाया. चार बायांच्या काखेत चार बिनमुंडक्याचे पुतळे. रस्त्याने चाललेला दुधाचा टेम्पो थांबला, ड्रायव्हरने खाली उतरून हात जोडले आणि कोण गेलं म्हणून हळूच विचारलं. आक्काबाईने सांगितलं, की कोण गेलं नाही, नवरदेव चाललेत.

आणि दारात खरोखरच वरातीचा थाट झाला. पुतळ्याची लोखंडी बैठक जांभळ्या पाण्यात बुडवायची, पण अंगातल्या पांढऱ्या पायजम्याला शिंतोडा लागू द्यायचा नाही, म्हणजे मोठी कसरत. दोघींनी पुतळा अलगद उचलायचा, एकीने पायजमा वर धरायचा आणि रंगनाथकाकांनी बैठक तपासून मान हलवायची. पहिला पुतळा पाण्यात उतरला, तशी एकीने माप ओलांडा, माप ओलांडा म्हणायला सुरुवात केली. दुसरी म्हणाली, नवरदेवाने नाव घेतल्याशिवाय आत सोडायचं नाही. आक्काबाई म्हणाली, याला मुंडकंच नाही, तर नाव कसं घेणार? असाच नवरा बरा, उलटून बोलायचा नाही. यावर बाया इतक्या हसल्या की पुतळा हातांतून सुटता सुटता राहिला. पायजमा पाण्यापासून चार बोटांवर हिंदकळला आणि रतनबाई "आगं पायजमा!" म्हणून ओरडल्या.

पहिल्या फोटोत सदऱ्यावर गुलाबी झाक आली. मनवाने वर पाहिलं, बाजूंना पाहिलं आणि शेवटी खाली. वाफ्यांची लाल माती. तिच्यावर चंदेरी कागद अंथरला, तशी झाक गेली. आता मागे चादर, उजवीकडे चंदेरी कागद, डावीकडे काळा. काळा कागद धरायला रंगनाथकाका स्वतः उभे राहिले, कारण कागद फाटेल ही त्यांना धास्ती. मनवाने त्यांना एक पाऊल पुढे, अर्धं मागे असं नाचवलं. मग कॅमेऱ्याला डोळा लावला.

आणि तिथून पुढे जे झालं, ते तिला नंतर नीट आठवेना. एकामागून एक कपडे येत गेले. दोघी एका पुतळ्याला कपडे चढवत, तोवर दोघी दुसऱ्याचा सदरा उतरवत, आणखी दोघी पाठीमागून टाचण्या लावून कापड अंगाबरोबर बसवत. रतनबाई प्रत्येक कॉलरीवरून शेवटचा हात फिरवत. मनवा बटण दाबी आणि "झाला" म्हणे. सुरुवातीला ती एकटीच म्हणत होती. दहाव्या सदऱ्यापासून सगळ्या बाया एका सुरात "झालाऽ" म्हणू लागल्या. विसाव्याला रंगनाथकाकाही. वरून दुधासारखा उजेड सांडत होता, पलीकडे लाल-पिवळ्या मिरच्या लोंबत होत्या, कपाळावरून घाम वाहत होता आणि मनवाला वाटत होतं, आपण जमिनीवर नाही, चार बोटं वर आहोत. चोवीस वर्षांच्या आयुष्यात कुठली गोष्ट आपल्याला इतकी येते, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

मध्येच तिने कॅमेऱ्यावर एक फोटो मोठा करून रतनबाईंना दाखवला. एका झब्ब्याच्या गळ्याचं काज. हाताने केलेलं, टाक्याला टाका लागलेलं. रतनबाईंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. एवढ्या वर्षांत त्यांनी हजारो काजं केली असतील, पण असं वाटीएवढं मोठं काज त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी बोटाने पडद्यावरचे टाके मोजले.

"एक टाका मोठा पडलाय," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने म्हणाल्या, "पर बाकीचं लई चांगलं हायेत, व्हय ना?"

"फार चांगले आहेत काकू."

 पुढच्या चार कॉलरींवरून रतनबाईंनी हात फिरवला तो जरा ताठ मानेने.

साडेदहाला तेहतीस कपडे झाले. चौतिसावा उरला तो सगळ्यांत मोठा झब्बा, खास पुढाऱ्यांच्या पोटाच्या मापाचा. तो कुठल्याच पुतळ्याला बसेना. उशी कोंबली तर पोट बरगडीत आलं, चादर कोंबली तर ते पाठीला गेलं. तेवढ्यात दाराशी खाकरण्याचा आवाज झाला. रतनबाईंचे भाऊ मच्छिंद्र गावात बिनमुंडक्याच्या वरातीची बातमी ऐकून, काय भानगड आहे ते बघायला आले होते. तीन वर्षांपूर्वी ते सरपंचपदाला अकरा मतांनी पडले होते. तेव्हापासून त्यांच्या हातात कोणी माईक दिला नव्हता, पण पोट होतं तसंच होतं.

सगळ्यांच्या नजरा एकदम त्या पोटावर गेल्या. मच्छिंद्रमामा एक पाऊल मागे सरकले आणि मागच्या जांभळ्या पाण्यात उभे राहिले.

पाचच मिनिटांत ते झब्बा घालून काळ्या आणि चंदेरी कागदांच्या मध्ये होते. झब्बा असा बसला, जणू त्यांच्याच मापाने बेतला होता. पण कॅमेऱ्यासमोर माणसाचं लाकूड झालं. हात कुठे ठेवावेत ते कळेना. मांडीवर ठेवले, पाठीमागे नेले, शेवटी सलाम केल्यासारखा एक कपाळाला लावला. मनवाने चार-पाच फोटो काढून पाहिले आणि मग तिला सुचलं.

"मामा, सभेत बोलायला उभे आहात असं समजा. बोला काहीही."

मामांनी घसा साफ केला. उजवा हात वर गेला, डावा कमरेवर आला, छाती भरली आणि झब्ब्याची एक सुरेख चुणी खांद्यापासून खाली धावली. "माझ्या बंधू आणि भगिनींनो," त्यांनी सुरुवात केली. मनवाने बटण दाबलं. मामा पाणंद रस्त्यावर बोलले, शाळेच्या पत्र्यांवर बोलले, त्या अकरा मतांवरही बोलले. काळा कागद धरलेले रंगनाथकाका भान हरपून ऐकत राहिले, आणि त्या भरात घड्याळात अकरा वाजल्याचं ते विसरले.

पॉलिहाऊस विसरलं नव्हतं. अकराच्या ठोक्याला टायमरवर चालणाऱ्या वरच्या नळ्या फुसफुसल्या आणि शेकडो फॉगरमधून धुक्यासारखं पाणी खाली यायला लागलं. बाया ओरडल्या. तेहतीस कपडे आधीच बाहेर पेटीत गेले होते म्हणून बरं. आक्काबाईने रंगनाथकाकांच्या हातातला कागद हिसकावला आणि मनवाच्या डोक्यावर, कॅमेऱ्यावर घोंगडीसारखा पांघरला. कागदाखालून मनवाला दिसलं, की त्या गाळलेल्या उन्हात पाण्याचा कण न् कण पेटल्यासारखा चमकतोय आणि मधोमध पांढराशुभ्र झब्बा दोन्ही हात वर करून उभा आहे. मामा थांबले नव्हते. त्यांनी एकवार वर पाहिलं, चेहऱ्यावरचं पाणी निपटलं आणि आवाज चढवला.

"आन् हे जे पानी आज तुमच्यापर्यंत पोचलंय, ते आपल्याच पाठपुराव्यानं पोचलंय!"

मनवाने बटण दाबलं आणि ती हसत हसत खालीच बसली. रतनबाई पुतळ्याला मिठी मारून हसत होत्या. रंगनाथकाका पंप बंद करायला धावले, चिखलात घसरले आणि बसल्या जागी हसत राहिले. "दाजी, उठा, सभा अजून संपलेली न्हाई," मामा म्हणाले, आणि त्यांना उठवता उठवता स्वतःच खाली बसले.

फोटो नीट निवडून, कापून, मनवाने शेडमधूनच दोनच्या सुमाराला पुण्याला पाठवले. भिजलेल्या झब्ब्याचा तिने कोरडा असतानाचा फोटो पाठवला होता, पण गडबडीत तो पाण्यातलाही त्यात गेला. हे लक्षात आल्यावर ती पुन्हा तागांवर जाऊन बसली. बाया भाकरी-पिठलं घेऊन बसल्या होत्या, तिला दोनदा हाक मारली, तरी ती उठली नाही.

साडेतीनला रतनबाईंचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावून बराच वेळ नुसतं "व्हय, व्हय" केलं. एकदा "न्हाई, पुढारी न्हाईत, माझा भाऊ हाय" म्हणाल्या. मग फोन ठेवला आणि पदराने तोंड पुसून सगळ्यांना सांगितलं. चौतीसच्या चौतीस फोटो पसंत होते. एवढा नितळ पांढरा रंग कुठल्या स्टुडिओत काढला, असं दुकानदाराने विचारलं होतं. आणि पाण्यातला फोटो त्यांना दुकानाच्या दर्शनी बोर्डावर मोठा करून लावायचा होता, पण मॉडेलची हरकत नसेल तर.

मॉडेलची हरकत नव्हती. मॉडेल ओट्यावर टॉवेल गुंडाळून बसलं होतं, आणि बोर्ड किती फूट बाय किती फूट आहे, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं.

निघताना रतनबाईंनी मनवाला पुढच्या सोमवारी यायला सांगितलं, लहान मुलांच्या झब्ब्यांचे फोटो काढायचे होते म्हणून. आक्काबाईने तिच्या डिकीत मिरच्यांची पिशवी कोंबली. मनवा स्कूटीवर बसली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाला तुरे आले होते, कारखान्याच्या ट्रॅक्टरवरून पाचट उडत होतं, आणि तिला दिसेल त्या गोष्टीवर उजेड कुठून पडलाय ते दिसत होतं. बैलाच्या पाठीवर वरून, बाभळीवर तिरपा, समोरून येणाऱ्या म्हाताऱ्याच्या फेट्यावर डावीकडून, आणि उजवीकडे तर मल्चिंग पेपरसारखं काळं छप्पर आयतंच. त्या म्हाताऱ्याला तिने मोठ्याने नमस्कार घातला. त्यानेही ओळख नसताना हात वर केला. ती पुन्हा एकटीच हसली. गावातली वर्दळ आली आणि गेली, हायवे ओलांडला, पुन्हा ऊस लागला. समोर मुळा धरणाची पाटी दिसली, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की आपण घरावरून सरळ पुढे निघून आलोय, आणि तेही चार-पाच किलोमीटर. तिने स्कूटी कडेला थांबवली, परत फिरवण्यासाठी हँडल वळवलं, जरा विचार केला आणि पुन्हा सरळ केलं. एवढ्या लांब आलोच आहोत, तर पाण्यावर आत्ता कसा उजेड असेल ते बघूनच जाऊ.